मॅग्नेशियमचं सलाईन अर्धशिशीवर चालतं का?

रात्री दीड-दोनच्या सुमाराला कॅज्युअल्टीत येणाऱ्या रुग्णांमध्ये एक प्रकार ठरलेला असतो. बहुतेकदा तिशी-चाळिशीतली बाई, डोक्याला घट्ट आवळून बांधलेली ओढणी, डोळ्यांवर हात. दुपारपासून अर्धं डोकं ठणकतंय. घरातली गोळी घेतली ती उलटीतून पडली, दुसरी घेतली तीही पोटात राहिली नाही. उजेड सहन होत नाही, आणि कॅज्युअल्टीत सगळीकडे ट्यूबलाइटच. शेजारच्या खाटेवर अपघाताची केस, पलीकडे छातीत दुखणारे आजोबा. डॉक्टर येतात, रक्तदाब बघतात, हातपाय हलवायला सांगतात, मान वाकवून बघतात. ‘जुनी अर्धशिशी आहे ना?’ असं विचारून खात्री करतात आणि सिस्टरला काहीतरी द्यायला सांगून पुढच्या खाटेकडे वळतात.

हे ‘काहीतरी’ दर दवाखान्यागणिक बदलतं. कुठे कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, कुठे पॅरासिटामॉलचं सलाईन, कुठे उलटीचं इंजेक्शन, कुठे थेट ट्रॅमाडॉल. अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१६ साली तातडीच्या विभागासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही दोन औषधं शिरेतून द्यावीत किंवा सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन द्यावं असं म्हटलं आहे. मॉर्फिनच्या जातीची औषधं शक्यतो टाळावीत, असंही त्यात आहे. पहिली दोन औषधं आपल्याकडे उलटीची म्हणून ओळखली जातात, पण ती अर्धशिशीच्या दुखण्यावरही काम करतात. उलटी होत नसली तरी. मात्र ती सगळ्यांना सोसत नाहीत. काहींना इंजेक्शननंतर अंगात अशी तगमग सुरू होते की एका जागी बसवत नाही. तरुण रुग्णांत क्वचित मान, जबडा, डोळे वाकडे होतात आणि नातेवाइकांची पाचावर धारण बसते. सुमाट्रिप्टान रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून हृदयविकार असलेल्याला देता येत नाही. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असलेल्याला चालत नाही.

म्हणजे जागा मोकळी आहे. स्वस्त, झोप न आणणारं, व्यसन न लावणारं आणि सवयीचं एखादं औषध या जागेवर हवं आहे. त्या जागेसाठी गेली तीस वर्षं एका खनिजाचं नाव पुढे येत आहे. ते म्हणजे मॅग्नेशियम.

मॅग्नेशियमची सध्या तशीही चलती आहे. झोप येत नाही, पायात गोळे येतात, मन अस्वस्थ आहे, प्रत्येक तक्रारीवर कुणीतरी मॅग्नेशियमची बाटली सुचवतं. पण इथे प्रश्न त्या बाटलीचा नाही. इथे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे इस्पितळात ज्याला ‘मॅगसल्फ’ म्हणतात ते, एक किंवा दोन ग्रॅम सलाईनमध्ये मिसळून पंधरा-वीस मिनिटांत शिरेतून द्यायचं आहे. चालू असलेला झटका थांबवायचा आहे. रोज गोळी घेऊन पुढचे झटके कमी करणं हा वेगळा प्रश्न, त्याकडे नंतर येऊ.

मॅग्नेशियम इथे चालावं असं वाटण्यामागे कारणं आहेत, आणि ती चांगली आहेत. मेंदूतल्या पेशींवर ‘एनएमडीए’ नावाची दारं असतात. त्या दारांत मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो, हे १९८४ साली दाखवलं गेलं. बूच नीट बसलेलं असलं की पेशी उगाच पेटत नाही. अर्धशिशीच्या सुरुवातीला मेंदूच्या पृष्ठभागावरून विजेच्या खळबळीची एक लाट सावकाश सरकत जाते. काही रुग्णांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेषा दिसतात, त्या या लाटेमुळे. याला ऑरा म्हणतात. मॅग्नेशियम कमी पडलं की ही लाट सुरू होणं सोपं जातं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं. शिवाय अर्धशिशीच्या काही रुग्णांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी आढळतं.

इथे एक अडचण लगेच सांगायला हवी. आपल्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेलं बहुतेक पेशींच्या आत. रक्तातल्या पाण्यात एक टक्काही नसतं. त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर ‘मॅग्नेशियम नॉर्मल’ लिहून आलं तरी मेंदूच्या पेशीत काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. तिजोरीत किती आहे ते खिशातल्या सुट्ट्या पैशांवरून ओळखण्यासारखं आहे ते.

१९९५ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर मॉस्कॉप आणि अल्टुरा दांपत्य यांनी अर्धशिशीचा झटका चालू असलेल्या ४० रुग्णांना एक ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून दिलं. १५ मिनिटांत ३५ जणांचं दुखणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालं. त्यांनी रक्तातलं मोकळं, म्हणजे आयन स्वरूपातलं मॅग्नेशियमही मोजलं होतं. ज्यांच्यात ते कमी होतं अशा २१ जणांपैकी १८ जणांना २४ तास टिकणारा आराम मिळाला. ज्यांच्यात ते पुरेसं होतं अशा १९ जणांपैकी फक्त तिघांना. हे वाचून कुणीही खूश होईल. पण या अभ्यासात तुलनेला दुसरा गटच नव्हता. सगळ्यांना औषध मिळालं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

तुलनेचा गट एवढा महत्त्वाचा का, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. ‘सलाईन लावलं की बरं वाटतं’ हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे आणि तो खोटा नाही. अंधाऱ्या खोलीत आडवं केलं, हातात सुई लागली, थेंब पडताना दिसले, कुणीतरी लक्ष देतंय असं वाटलं की अर्धशिशी उतरायला लागते. वांतीने कोरड पडलेली असेल तर त्या पाण्याचाही उपयोग होतो. आणि झटका कधीतरी आपोआप ओसरणारच असतो. २००५ साली तुर्कस्तानातल्या एका तातडीच्या विभागात ११३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला दोन ग्रॅम मॅग्नेशियम, एकाला मेटोक्लोप्रमाइड, एकाला नुसतं मिठाचं पाणी. अर्ध्या तासाने तिन्ही गटांतलं दुखणं चांगलंच उतरलं होतं आणि गटागटांत ठळक फरक नव्हता. नुसतं पाणी मिळालेल्यांना नंतर जादा औषध अधिक वेळा लागलं, एवढाच काय तो फरक उरला. हा अभ्यास मला या सगळ्या विषयातला सर्वात बोलका वाटतो. पाणीसुद्धा एवढं काम करत असेल, तर त्याच्या वर औषधाने नेमकी किती भर घातली हे मोजायला शे-सव्वाशे माणसं पुरत नाहीत.

बाकीच्या चाचण्या दोन्ही बाजूंना झुकतात. २००१ मध्ये तुर्कस्तानातच ३० रुग्णांवर झालेल्या चाचणीत मॅग्नेशियम मिळालेल्या १५ पैकी १३ जणांचं दुखणं पूर्ण थांबलं, नुसतं सलाईन मिळालेल्यांत जेमतेम एकाला आराम पडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ४४ रुग्णांच्या चाचणीत उलटं घडलं. तिथे सगळ्यांना मेटोक्लोप्रमाइड दिलं आणि निम्म्यांना जोडीला दोन ग्रॅम मॅग्नेशियम. जोडी मिळालेल्यांना अधिक बरं वाटावं ही अपेक्षा. प्रत्यक्षात त्यांना कमी बरं वाटलं, आणि नेहमीच्या कामाला लागण्याइतके सावरलेलेही त्यांच्यात कमी निघाले. मॅग्नेशियमने दुसऱ्या औषधाचा गुण खाल्ला की हा योगायोग होता, ते ४४ जणांवरून कुणी सांगू शकत नाही. २००२ मध्ये ब्राझीलमध्ये १२० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात ऑरा असलेल्यांचं दुखणं मॅग्नेशियमने कमी झालं. ऑरा नसलेल्यांचं फारसं नाही, त्यांना उजेड आणि आवाजाचा त्रास मात्र कमी झाला. हा धागा महत्त्वाचा आहे, कारण तो त्या मेंदूवरच्या लाटेशी जुळतो. पण तोही पुढे कुणी मोठ्या संख्येवर तपासून पाहिलेला नाही. २०१५ साली इराणमध्ये ७० रुग्णांवर मॅग्नेशियमची तुलना डेक्सामेथासोन आणि मेटोक्लोप्रमाइड या जोडीशी केली, तेव्हा मॅग्नेशियम लवकर आणि चांगलं चाललं.

अशा वेळी सगळ्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून निकाल काढतात. तोही इथे एक निघाला नाही. २०१४ साली पाच चाचण्यांतल्या २९५ रुग्णांचे आकडे एकत्र केले, तेव्हा मॅग्नेशियमचा काही फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र अधिक दिसले. २०१६ साली दुसऱ्या गटाने ११ चाचण्यांतल्या ९४८ रुग्णांचे आकडे एकत्र केले, तेव्हा फायदा स्पष्ट दिसला. दोघांनीही गणित चुकवलेलं नाही. कोणत्या चाचण्या टोपलीत घ्यायच्या आणि कोणत्या बाहेर ठेवायच्या, यावर उत्तर बदललं. आकडे एकत्र केल्याने लहान चाचण्यांचे दोष जात नाहीत, तेही एकत्र होतात.

२०२१ साली अमेरिकेतून ‘मॅग्रेन’ या नावाने आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. १५७ रुग्ण, रुग्णालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही माहीत नाही अशा पद्धतीने मॅग्नेशियम, मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन. अर्ध्या तासाने तिघांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. लगेच ‘मॅग्नेशियम नेहमीच्या औषधांइतकंच गुणकारी’ असा अर्थ काढला गेला. हा अर्थ त्यातून निघत नाही. ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंधारात किल्ली सापडली नाही म्हणून ती घरात नाही असं आपण म्हणत नाही. दोन औषधं तोडीस तोड आहेत हे सिद्ध करायचं तर किती फरक खपवून घ्यायचा ते आधी ठरवावं लागतं आणि त्यासाठी रुग्णही बरेच जास्त लागतात.

हे सारं कुणाला शास्त्रज्ञांचा कीस पाडणं वाटेल. तसं वाटणाऱ्यांसाठी याच खनिजाची एक जुनी गोष्ट आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्यांना मॅग्नेशियम दिलं तर मृत्यू टळतात, असं १९८०च्या दशकातल्या लहान लहान चाचण्यांत दिसत होतं. १९९१ साली सात चाचण्यांतले १३०१ रुग्ण एकत्र मोजले, तर मॅग्नेशियम मिळालेल्यांत मृत्यू निम्म्याहूनही कमी. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या २३१६ रुग्णांच्या चाचणीत मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाले. स्वस्त, सोपं, सुरक्षित, आणि ते का चालावं याचं स्पष्टीकरणही तयार. मग १९९५ साली ‘आयसिस-४’ या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात ५८,०५० रुग्ण होते. मॅग्नेशियम मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत २२१६ जण दगावले आणि न मिळालेल्यांपैकी २१०३. म्हणजे फायदा शून्य. औषध उशिरा दिलं म्हणून असं झालं, अशी तक्रार झाली. मग २००२ मध्ये सहा हजारांवर रुग्णांना ते लवकर देऊन पाहिलं. तरीही शून्य.

आणि याच्या अगदी उलट गोष्ट लेबर रूममधली. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, त्या एक्लॅम्पसियावर मॅगसल्फ पूर्वापार वापरात होतं, पण कित्येक डॉक्टर डायझेपामवर किंवा फेनिटॉइनवर भिस्त ठेवत. १९९५ साली १६८७ बायकांच्या चाचणीत मॅगसल्फ त्या दोन्हींपेक्षा सरस ठरलं. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांच्या ‘मॅगपाय’ चाचणीने दाखवलं की ते आधीच दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. त्यानंतर वाद उरला नाही. आपल्या राज्याचाही यात वाटा आहे. जुन्या पद्धतीत सुरुवातीलाच १४ ग्रॅम द्यायचे. आपल्याकडच्या बायकांचं वजन पाहता एवढं लागत नाही, असं म्हणत सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रेची पद्धत वापरली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रीरोगतज्ज्ञ तिला आजही ‘सरदेसाई पद्धत’ म्हणतात.

खनिज एकच. एका ठिकाणी लहान चाचण्यांनी दाखवलेली आशा मोठ्या चाचणीत विरून गेली, दुसऱ्या ठिकाणी मोठ्या चाचणीने वाद मिटवला. अर्धशिशी यांपैकी कोणत्या वाटेने जाईल? आज उपलब्ध पुरावा पाहून मला विचाराल तर ऑरा असलेल्या रुग्णांत काही फायदा निघेल असा माझा अंदाज आहे. पण आयसिस-४च्या आदल्या वर्षी अंदाज विचारला असता तर तोही चुकलाच असता.

मोठी चाचणी होत का नाही, याचं एक उत्तर सरळ आहे. मॅगसल्फच्या एका कुपीची किंमत काही रुपये. तिच्यावर पेटंट नाही, तिच्यातून कुणाला कमाई नाही. गेल्या काही वर्षांत अर्धशिशीवर आलेल्या नव्या, महागड्या औषधांच्या चाचण्यांना कंपन्यांनी पैसा पुरवला. या कुपीसाठी तो सरकारनेच किंवा एखाद्या विद्यापीठानेच द्यायला हवा. दुसरं उत्तर थोडं अवघड आहे. मॅग्नेशियम शिरेतून गेलं की अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटतं, चेहरा लाल होतो. आपल्याला खरं औषध मिळालं की पाणी, हे रुग्णाने तिथेच ओळखलं, तर आंधळी म्हणून आखलेली चाचणी डोळस होऊन बसते. म्हणून आता थेंबांचा वेग कमी ठेवावा लागेल, आणि ‘तुम्हाला कोणतं औषध मिळालं असं वाटतं?’ हेही रुग्णाला शेवटी विचारून नोंदवावं लागेल. दुखणं अर्ध्या तासाने किती उतरलं एवढ्यावर थांबून चालणार नाही. दोन तासांनी थांबलं का, दुसऱ्या दिवशी उलटलं का, कामावर जाता आलं का, हे पाहावं लागेल. आणि ऑरा असलेले आणि नसलेले रुग्ण सुरुवातीपासून वेगळे मोजावे लागतील.

अशी चाचणी करायला आपल्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. बंगळूरु आणि परिसरातल्या खेड्यांत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचं प्रमाण २५.२ टक्के आढळलं होतं, म्हणजे चौघांत एक. मॅगसल्फ अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ज्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणं होतात तिथे ते असतं, ते कसं द्यायचं हे तिथल्या परिचारिकांच्या हातात बसलेलं असतं. गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षेप बघायचा, श्वास मोजायचा, लघवी किती होते ते पाहायचं, आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन उतारा म्हणून ठेवायचं. अर्धशिशीत मात्रा तर एक-दोन ग्रॅमचीच आहे. पाच-सहा वैद्यकीय महाविद्यालयांनी मनावर घेतलं तर दोन वर्षांत हजार-दोन हजार रुग्ण सहज जमतील.

तोपर्यंत कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने काय करावं? ज्यांच्यामागे पुरावा अधिक भक्कम आहे ती औषधं आधी. ती चालत नसतील, सोसत नसतील, किंवा रुग्णाला ऑरा असेल, तर मॅग्नेशियम देऊन पाहायला हरकत नाही, असं बरेच डोकेदुखीतज्ज्ञ म्हणतात आणि मलाही ते पटतं. पण ‘साधं खनिज आहे, काय होणार’ म्हणून कुणालाही लावायचं सलाईन ते नाही. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर मॅग्नेशियम शरीरात साचतं. ते खूप साचलं तर रक्तदाब पडतो, स्नायू ढिले पडतात, श्वास मंदावतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजारात ते टाळावंच लागतं. गरोदरपणात सलग पाच-सात दिवसांहून अधिक काळ दिलं तर बाळाच्या हाडांवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली दिला आहे.

आता त्या बाटलीकडे. झटका सुरू झाल्यावर मॅग्नेशियमची गोळी घेऊन उपयोग होतो असा पुरावा नाही, आणि उलट्या होत असताना ती पोटात राहायचीही नाही. रोज घेतली तर झटके कमी होतात का, यावर १९९६ साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ८१ रुग्णांच्या एका चाचणीत बारा आठवडे रोज ६०० मिलीग्रॅम घेणाऱ्यांचे झटके ४१.६ टक्क्यांनी कमी झाले, तर खोटी गोळी घेणाऱ्यांत १५.८ टक्क्यांनी. दुसरीत, वेगळ्या प्रकारचं मॅग्नेशियम दिलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. तरीही सारा पुरावा पाहून काही तज्ज्ञ ते प्रतिबंधासाठी सुचवतात. त्याने जुलाब होऊ शकतात, हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं किंवा नसतंही. बाजरी, नाचणी, तीळ, शेंगदाणे, डाळी, हिरव्या पालेभाज्या यांतून मॅग्नेशियम मिळतंच, ते खाऊन जुलाब होत नाहीत.

अर्धशिशीचा त्रास असलेल्यांनी एक कागद मात्र पाकिटात ठेवावा: आपल्याला ऑरा येतो का, कोणतं इंजेक्शन पूर्वी लागू पडलं, कोणत्या इंजेक्शनने तगमग झाली, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा काही आजार आहे का, दिवस गेले आहेत का. रात्री दोन वाजता, डोळ्यांवर हात ठेवून हे सगळं सांगणं जमत नाही. आणि दुखणं नेहमीच्या अर्धशिशीसारखं नसेल, म्हणजे क्षणात टोकाला पोहोचलं असेल, ताप येऊन मान आखडली असेल, एखादा हात-पाय लुळा पडला असेल, शुद्ध हरपत असेल, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलं असेल, तर ‘माझी अर्धशिशीच आहे’ असं सांगू नये. काय होतंय तेवढंच सांगावं आणि निदान डॉक्टरला करू द्यावं.